ठोसा चुकवणारी मेघना

माझी भाची मेघना व्यावसायिक बॉक्सर आहे. पुढच्या आठवड्यात तिची लढत आहे ती अशा मुलीशी, जिचा एक ठोसा नीट बसला की समोरची उठत नाही. म्हणून काल सकाळी ताईला घेऊन मी तिचा सराव बघायला गेलो.

तिचे सर हातमोजे चढवून तिला सपासप ठोसे मारत होते. मेघना मात्र मारतच नव्हती. जराशी मागे सरकायची, मान किंचित कलती करायची, आणि ठोसा कानाजवळून हवेत निघून जायचा.

"अगं, मार ना एखादा!" ताई न राहवून ओरडली.

"थांब गं आई, त्यांना दमू दे की आधी!" मेघना हसत म्हणाली.

जपून वागणाऱ्याला आपण किती चटकन भित्रा म्हणतो! भित्रा माणूस डोळे मिटून घेतो. ही तर प्रत्येक ठोसा अगदी जवळ येईपर्यंत टक लावून बघत होती, आणि तो हुकला की लगोरी फोडल्यासारखी खूश होत होती. सावधपणात एवढी मजा असते, हे मला या वयात कळलं.

शेवटी सरांचा एक ठोसा फारच लांब गेला. तेवढ्यात मेघनाने त्यांच्या हनुवटीला अलगद हातमोजा टेकवला. सर हसत हसत खालीच बसले.

ताईने आजवर लेकीची एकही लढत पाहिली नव्हती. बाहेर पडताना ती मला म्हणाली, "या वेळी मी येणार. आणि हो, अगदी पुढे बसायचं."