सालोमत ओपाचा कोरडा वाफा

फेब्रुवारी सरता सरता नुराताच्या डोंगरपायथ्याशी सालोमत ओपाचं अंगण रंगायला लागायचं. आधी पिवळे क्रोकस, मग निळे आयरिस, मग लालभडक रानटी ट्युलिप. पाटाला अजून पाणी सुटलेलं नसायचं आणि गल्लीतल्या बाकी अंगणांत नुसती माती. ओपा, म्हणजे सगळ्या गावाची थोरली ताई, तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. जीभ अशी, की भट्टीवाला तिला करपलेली रोटी द्यायला धजत नसे. डोंगरातलं बी पेरून सात वर्षं थांबली, तेव्हा कुठे तिला पहिलं ट्युलिप दिसलं होतं.

ही फुलं शेजारच्या एर्गाशच्या डोळ्यांत खुपत. एर्गाश गावचा पाटकरी. कुणाला किती पाणी, हे ठरवणार तो, आणि मार्चमधल्या नव्रुझच्या सणाला त्याच्याच अंगणात एक पाकळी नाही!

"ओपा, चोरून पाणी घेता की काय?" एकदा त्यानं विचारलंच.

"घेते की! तुझ्या नाकाखालून."

पण मग तिला दया आली. जूनमध्ये पानं वाळल्यावर तिनं त्याला चाळीस कंद दिले. "लाव आणि विसर. उन्हाळाभर थेंबसुद्धा घालू नकोस. झोपलेत ते."

पाण्यावाचून कधी काही जगतं का? ओपाची पाठ वळताच एर्गाशनं वाफ्यात पाट सोडला. रोज. थंडीच्या तोंडावर उकरून पाहिलं, तर कंदांचा लगदा झालेला.

पण चहाखान्यात तो आपल्या ट्युलिपांची केव्हाच फुशारकी मारून बसला होता. नव्रुझला माणसं बघायला आली, तर खरंच, वाफ्यात चाळीस ट्युलिप ताठ उभे! ओपा वाकली. पाकळ्या सुरकुत्यांच्या कागदाच्या, देठ तारेचे.

"अगाई, काय वास सुटलाय!" ती म्हणाली. एर्गाशचा जीव भांड्यात पडला.

"पण तहानलीत रे बिचारी," म्हणत तिनं कोपऱ्यातली झारी उचलली.

"ओपा, नको! थेंबसुद्धा नको!" एर्गाश मधे आडवा आला.

"पाटकरी ना तू? आणि पाणी नको म्हणतोस?"

"भिजली तर रंग उतरेल ना!" त्याची बायको आतून बोलून गेली, आणि अंगणभर हशा पिकला.

पंधरा दिवस तोंड लपवून एर्गाश शेवटी पुलावाचं ताट घेऊन ओपाच्या दारात आला. या वेळी तिनं कंद नाही, बियांची पुडी दिली.

"सहा-सात वर्षं लागतील."

"तोवर मी जगेन का, ओपा?"

"तू जगशील रे. तुझ्यावर नजर ठेवायला मला जगायला हवं."

सहाव्या वर्षी दोन फुलं आली. एर्गाशनं ओपाला हात धरून आणलं, स्टूल दिलं. दुपारपर्यंत दोघं चहा पीत फुलांकडे बघत बसली. त्या दिवशी खालच्या आळीला हंगामातलं पहिलं पाणी उशिरा सुटलं आणि लोकांनी दोघांनाही शिव्या घातल्या.