आई, अस्वल आणि लाजवंतीमावशी

टेम्पोत सगळ्यात शेवटी आई चढली, तीही बाबांनी ओरडल्यावर. वांगणीच्या घरासमोर दोन्ही काकू उभ्या होत्या. थोरली म्हणाली, "जा गो बाय, पोरांचा बरा होईल." बाबांना आनंदनगरच्या एका कारखान्यात नोकरी लागली होती, तिथून जवळ उल्हासनगरात भाड्याची खोली मिळाली होती. मी आठवीतली दीडशहाणी, मला कधी एकदा निघतो असं झालेलं. माझ्या चुलत भावंडांनो, तुम्ही टेम्पोमागं धावलात आणि मी ऐटीत हात हलवला.

तुमच्यातले जे तिथंच राहिले आणि जे माझ्यासारखे लांब गेले, त्या सगळ्यांसाठी शारजातून हे लिहितेय. नव्वदच्या आसपासची गोष्ट आहे.

उल्हासनगरात आई वाळायला लागली. बाहेर सगळं हिंदी नाहीतर सिंधी. भाजीवाला "क्या दूँ?" म्हणाला की ती काही न घेताच परत यायची. दिवसभर चार बायकांबरोबर चिखलात राबलेली बाई, खोलीत बसून करणार काय? "मला परत नेऊन सोडा," एवढंच म्हणायची. बाबा म्हणायचे, "होईल सवय." सवय कसली डोंबलाची! जेवण तुटलं, ब्लाउज ढगळ झाले. शाळेतून यावं आणि घरात आईच नसावी, याची मला रोज धास्ती वाटायची.

समोरच्या दारात लाजवंतीमावशी राहायच्या. सिंधी, विधवा, गुडघे धरलेले, आवाज मात्र खणखणीत. त्यांच्या मुलाचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे घरात व्हिडिओगेम. एका दुपारी मावशींनी आईला हाताला धरून आत नेलं, टीव्हीसमोर बसवलं आणि गेमचा रिमोट हातात दिला. गेम अगदी साधा. एक ससा, एक अस्वल, दोघांनी मिळून खेळायचं. डावीकडून उजवीकडं पळत सुटायचं, खड्डे आणि विंचू उडी मारून चुकवायचे, वेळ संपायच्या आत गुहा गाठायची.

आईनं अस्वल घेतलं. भात लावणारे हात तिचे, बोटं चपळ. अस्वल भराभर पुढं जायचं. पण मावशींचा ससा मागं पडला की आई अस्वलाला जागच्या जागी उभं करायची. भातलावणीत बायका एका ओळीनं रोपं लावतात ना, एखादी मागं पडली तर शेजारणी तिच्या वाटची रोपं लावतात, पण ओळ मोडत नाहीत. आईनं तोच कायदा टीव्हीत लावला! ससा खड्ड्यात पडायचा, अस्वल ताटकळत उभं, वरचं घड्याळ संपलं की दोघंही खलास. मावशींचा मुलगा कपाळावर हात मारायचा, "भाभी, आगे जाओ ना!"

"तिला टाकून?" आई विचारायची.

गुहा काही लाभली नाही, पण आई जेवायला लागली. भाकरी थापताना मला सांगायची, "आज सगल्या लाइफ गेल्या गो," आणि स्वतःच हसायची. मलाही मग शाळेत धड बसवायला लागलं.

पण चाळ ती चाळच. कुजबुज बाबांच्या कानावर गेली. "लोक हसतात मला. बाईमाणूस टीव्हीसमोर उड्या मारतं. उद्यापासून जायचं नाही," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी आईनं पिशवी भरली आणि एकटी वांगणीला निघून गेली.

लाजवंतीमावशींनी बाबांना दारातच झापलं. "भाऊ, मी एवढीशी होती, फाळणीत सिंधमधून इथे कॅम्पात आली. लई रडली. पण मला परत जायला गाव नव्हता. हिला आहे. ती कशाला थांबेल?" बाबा उंबऱ्यावर बसले. मी भोकाड पसरलं. आई आता येत नाही, असंच मी धरून चालले होते.

ती तिसऱ्या दिवशी आली. पिशवी ठेवली आणि म्हणाली, "तिकडं कुणी कामाला हात लावून देत नाय. पाहुणी आलीस, बस, म्हणतात." आणि मग जशी रडली, तशी टेम्पोत चढतानाही रडली नव्हती. बाबांनी पाणी पुढं केलं. म्हणाले, "दुपारी जात जा त्यांच्याकडं."

पुढं माझं लग्न झालं, नवऱ्याच्या नोकरीपायी शारजाला आले. इथं फ्लॅट आहे, एसी आहे, पण शेजारच्या दारामागं कोण राहतं ते मला ठाऊक नाही. बाबा गेले, लाजवंतीमावशीही गेल्या. आईला म्हटलं, इकडं ये. तर म्हणाली, "येडी का काय, माझं सगळं इथं आहे." मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. ती तिथली झाली होती. मी कुठली, ते मला सांगता येत नाही.

मागच्या खेपेला उल्हासनगरला गेले. तिनं पलंगावर नवी चादर घातली होती. मी भांडी घासायला उठले, तर हात धरून खाली बसवलं, "राहू दे, दमून आलीस." मग चहाचं आधण ठेवून ती मागं वळली आणि माझ्या आईनं मला विचारलं, "तुला साखर किती घालू गो?"