दर शिवणीला गाठ

कनेरगाव नाक्यावरच्या ढाब्यामागे एका खासगी कंपनीने छोटं डेटा सेंटर बांधलं होतं. आतल्या गार खोलीत महेजबीन फरशीवर मांडी घालून बसली होती. लॅपटॉपमधून निघालेली निळी केबल लोखंडी कपाटातल्या नव्याकोऱ्या स्विचमध्ये गेली होती. तिथली सगळी यंत्रं या स्विचमधूनच बाहेरच्या जगाशी बोलणार होती. पण अजून त्याला स्वतःचं नावसुद्धा नव्हतं.

तीन वर्षं तिने नुसत्या केबली ओढल्या होत्या. आज पहिल्यांदा स्विच तिच्या एकटीच्या हाती आला होता. नांदेडहून देविदाससरांनी बजावलं होतं, "चार वाजेपर्यंत मला इथून स्विच दिसला पाहिजे. न्हाई दिसला तर उद्या तुझ्या जागी दुसरा इंजिनिअर, फहीम येईल, अन् तू परत केबलीवर."

स्विच एकेक प्रश्न विचारत होता. पासवर्ड काय? नाव काय? पत्ता काय? उत्तरं तिने वहीत ओळीने लिहून आणली होती. साखऱ्याला कपडे शिवणाऱ्या अम्मीची ती शिस्त. माप वहीत चढल्याशिवाय कात्री कापडाला लागायची नाही. सेव्ह करणं मात्र तिने शेवटी ठेवलं होतं. सगळं बराबर जुळलं की एकदाच करू.

तीन वीसला दिवे मंदावले, पुन्हा उजळले. बाहेर खटका पडल्याचा आवाज आला आणि स्विचची घरघर थांबली.

ती बाहेर धावली. मेन बोर्डापाशी पहारेकरी रतनसिंग उभा होता, चेहऱ्यावर समाधान.

"लाईट मागंपुढं होऊन राहिली व्हती, बाई. तांड्यावर अशातच माह्या दोन मोटरी जळल्या. म्हून खटका पाडला. वाचली बघा तुमची मशीन!"

बॅकअपच्या बॅटऱ्या अजून यायच्या होत्या.

"वर करा, काका! माझं सगळं पुसलं."

त्याने खटका वर ढकलला. तेवढ्यात देविदाससरांचा फोन आला.

"अजून दिसून न्हाई राहिला. काय झालं? कुणी हात लावला का?"

रतनसिंग तिच्या तोंडाकडे बघत होता. त्याची नोकरी कंत्राटावरची.

"लाईट गेली, सर. पण मी सेव्ह केलं नव्हतं. चूक माझीच."

फोन कट झाला.

स्विच जागा व्हायला सात मिनिटं लागली. त्या सात मिनिटांत तिला अम्मीचं बोलणं आठवलं, लहानपणी ऐकून ऐकून कंटाळा आलेलं: शेवटी एकच गाठ मारशील तर सगळं उसवेल. दर शिवणीला गाठ घाल.

तिने वही उघडली. सुरुवातीचे प्रश्न संपताच सेव्ह केलं. मग एक पायरी, सेव्ह. पुढची पायरी, पुन्हा सेव्ह. एकदा बोट चुकून भलतंच बटण दाबलं गेलं. घड्याळाकडे पाहायचं तिने सोडून दिलं.

तीन सत्तावन्नला फोन आला.

"दिसला," सर म्हणाले. "सोमवारी वाशीमला एकटी जाशील?"

"जाईन, सर. पण आता दहा मिनिटं तो परत दिसणार न्हाई."

ती बाहेर आली. रतनसिंग बोर्डाला पाठ लावून, हात पसरून उभा होता.

"कुणालाच हात लावू देत न्हाई, बाई!"

"काका, खटका पाडा."

"आँ? काहून? डोकंबिकं फिरलं का?"

"पाडा तर. परत उठल्यावर त्याला त्याचं नाव आठवतं का, ते बघायचंय."

रतनसिंगचा हात काही उठेना. शेवटी तिनेच पुढे होऊन खटका पाडला.