मुक्या जेवणातली खुर्ची

पॅट्रिस व्हिटकॉमच्या घरचं हॅलोविनचं, म्हणजे भुताखेतांच्या सणाचं, टेबल बघायला आमच्या गावात बायकांच्या उड्या पडत. टेबल मांडायची व्हर्ना क्लिंगर, आणि कौतुक व्हायचं पॅट्रिसचं. दोघी शाळेत एका बाकावर बसलेल्या. पुढे एकीनं दातांचा डॉक्टर पटकावला, दुसरी फुलांच्या दुकानात देठ छाटत राहिली. पॅट्रिस सोफ्यावरून उठायची नाही, उंटावरून शेळ्या हाकायची, आणि व्हर्ना निमूट राबायची.

पण व्हर्नाचा हातच वेगळा होता. प्लॅस्टिकचे कोळी आणि रबरी हाडं दिसली की तिच्या कपाळाला आठी पडे. काळ्या कापडावर ती गडद लाल डेलियाची फुलं पसरायची, मधे फोडलेली डाळिंबं, मुठीएवढे पांढरे भोपळे, पितळी मेणबत्तीदाण्या, आणि कावळ्याचं एकच पीस, तेही यजमानणीच्या ताटाशी. "भीती चमच्यानं वाढावी, पातेल्यानं नाही," असं ती म्हणे.

यंदा पॅट्रिसला मुकं जेवण घालायचं होतं. डोंगराकडच्या म्हाताऱ्या पूर्वी घालायच्या ते. त्यात सगळं उलटं. गोड आधी, सूप शेवटी, सुरी डावीकडे, आणि टेबलाच्या टोकाला घरातल्या वारलेल्या माणसासाठी एक खुर्ची. जेवण संपेपर्यंत कुणी तोंडातून शब्द काढायचा नाही. काढला, तर आलेला माणूस उंबऱ्यावरून माघारी फिरतो आणि पुन्हा कधी येत नाही. व्हर्नाची आजी हे स्वयंपाकघरात पत्र्याच्या ताटल्यांवर करायची, आणि व्हर्नाचा त्यावर पुरा विश्वास होता. पॅट्रिसनं ते एका मासिकात वाचलं होतं.

व्हर्नाचा नवरा वेन्डेल त्याच वर्षी मार्चमध्ये गेला. सुतारकाम करायचा. त्याची टोपी तिनं धुतली नव्हती. आतल्या पट्टीला अजून भुशाचा, घामाचा आणि तो दाढेत धरायचा त्या तंबाखूचा वास होता. घरातल्या बाकी सगळ्या वस्तूंनी त्याला सोडलं होतं, टोपीनं तेवढं धरून ठेवलं होतं. ती उशीशी घेऊन व्हर्नाला झोप लागे.

"पॅट्रिस, एक मागू?" फुलं लावता लावता ती म्हणाली. "ती टोकाची खुर्ची वेन्डेलची म्हणून मांडू?"

"कुणाचीही म्हण बाई. रिकामी खुर्ची ती रिकामी खुर्ची. फक्त त्याचा तो कॉफीचा टवका उडालेला मग आणू नकोस."

"त्याची टोपी अडकवते खुर्चीच्या पाठीला. एवढंच."

"रंग कुठला?"

"तपकिरी."

"मग चालेल. डेलियांना शोभेल."

माणूस निर्दय व्हायला वाईटच असावा लागतो असं नाही. चांगली आवडनिवड असली तरी भागतं.

संध्याकाळी पाहुणे आले, आणि डॉक्टरांचा नवा भागीदार ग्रेग न सांगता आला. पॅट्रिस स्वयंपाकघरात डोकावली. "एक पान कमी पडतंय."

"वरून खुर्ची आणते."

"आणि टेबलाला विजोड खुर्ची लावू? टोकाची आहे की."

"अगं, ती तर..."

"वेन्डेल काही तक्रार करायला येत नाही. आता गप्प, मी घंटा वाजवतेय."

घंटा वाजली आणि सगळ्यांची तोंडं मिटली.

व्हर्ना भोपळ्याच्या गोड 'पाय'चा ट्रे घेऊन आत आली तेव्हा ग्रेग खुर्चीत ऐसपैस बसला होता. टोपी त्याच्या डोक्यावर होती. त्या दिवशी गावातल्या प्रत्येक घरात असल्या वस्तू नुसत्या सजावटीच्या असतात, त्याला ही टोपी वेगळी कशी वाटणार? त्यानं डोळे पांढरे केले, मान टाकली, मेल्याची नक्कल केली. बाकीचे तोंडावर रुमाल धरून हसत होते. कुणीतरी फोटो काढला.

व्हर्नानं दातांत जीभ धरली. बोललं तर वेन्डेल दारातूनच परत जाईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं एकेकाला गोडाचा तुकडा वाढला. ग्रेगपाशी आली, तेव्हा त्यानं दोन बोटांनी टोपी उचलून तिला सलाम केला. वेन्डेल अगदी तस्साच करायचा.

"उठा," ती म्हणाली. "ती माझ्या नवऱ्याची जागा आहे."

सगळ्यांना तो ठरवून केलेला खेळच वाटला. मग टाळ्यांचा कडकडाट झाला.

"पॅट्रिस, हिला कुठून शोधलंस? माझ्या अंगावर बघ काटा आलाय."

"आमची व्हर्ना आहेच तशी," पॅट्रिस म्हणाली, जणू सगळं तिनंच बसवलं होतं. मौन मोडलं ते मोडलंच. सूप येईपर्यंत गोल्फच्या गप्पा रंगल्या.

व्हर्ना भांडी विसळत होती, तेव्हा पॅट्रिस मागे येऊन उभी राहिली. "आधी सांगायचंस तरी. पण छान जमलं हो. पुढच्या वर्षी सूप आल्यावर म्हण, तोवर सगळे चांगले टरकलेले असतात. आणि टोपी इथंच राहू दे."

"टोपी मी नेणार."

"ने बाई. पण आठवणीनं आण."

व्हर्ना गाडीत बसली, दार लावलं आणि टोपीत नाक खुपसलं. ग्रेगच्या केसांच्या जेलचा लिंबासारखा महागडा वास आला. तिनं टोपी उलटी केली, आतली पट्टी उसवली, पुन्हा हुंगली. वेन्डेल तिथूनही गेला होता.