कोंडतंय

माझी धाकटी भावजय कारखान्यात मणी पाडायची. माळेत ओवायचे नव्हेत, बरं का! दुधातली साखर तोडणारं एक एन्झाइम असतं, प्रकृती अगदी तोळामासा. नुसतं दुधात घातलं तर एकदा राबतं आणि दुधाबरोबर वाहून जातं. जरा ऊब वाढली की मान टाकतं. म्हणून ती त्याची पूड शेवाळाच्या चिकात कालवायची आणि सुईतून थेंब थेंब क्षाराच्या पाण्यात सोडायची. थेंब पाण्याला लागला की घट्ट! माशाच्या अंड्यांसारखे मणी, एन्झाइम आत कोंडलेलं. ते नळकांड्यात भरून वरून दूध सोडलं, की ज्या बाळांना दूध पचत नाही त्यांना सोसेल असं खाली उतरायचं. मणी मात्र जागच्या जागी, महिनोन्महिने राबत.

दिवसभर काय केलंस विचारलं, की म्हणायची, "कोंडलं." उशीर होणार असला की नवऱ्याला फोन, कोंडतंय अजून. माझा भाऊ नळदुरुस्तीवाला, जिभेला हाड नाही. म्हणायचा, "मी तुंबलेलं सोडवतो, ही सुटलेलं कोंडते. बरा जमलाय संसार!"

आम्ही हसायचो. तिला हसता हसता खोकल्याची उबळ यायची.

पूड मोजताना भुकटी उडे, ती छातीत जाई. डॉक्टरांनी बजावलं, काम सोडा, नाहीतर जिवावर बेतेल. साहेब म्हणाले, पूड हाताळायला काचेची बंद पेटी मागवली आहे, तोवर तोंडाला फडकं बांधा. ती कामावर राहिली. तिच्याइतके गोल मणी कुणाचे पडत नसत, आणि त्याचा तिला भारी तोरा.

एका दुपारी सगळे जेवायला गेले असताना पुडीचा डबा तिच्या हातून निसटला. खोलीभर धुरळा. तिनं सवयीनं नवऱ्यालाच फोन लावला.

"कोंडतंय," एवढंच म्हणाली.

तो कुणाच्या तरी मोरीत पालथा पडलेला. "कोंड, कोंड. सावकाश ये," म्हणाला आणि पुन्हा पाना उचलला.

माणसं जेवून परतली तेव्हा ती क्षाराच्या पाण्याच्या टबाला टेकून बसलेली होती. दवाखान्यात नेलं, पण नेण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पेटी नंतर आली. साहेबांनी भावाला बोलावून दाखवली. तो काचेला हात लावून उभा राहिला.

परवा त्याच्याकडे बसलो होतो. बाहेर कडाक्याची थंडी, दार वाऱ्यानं आपटत होतं. मी कडी घालायला उठलो.

"राहू दे, दादा," तो म्हणाला. "कोंडतं."