मालकाचं नाव

झुंबरबाई गावात कुणालाच आवडायची नाही, मलाही नाही. पाचोऱ्याजवळच्या आमच्या गावात तिच्याइतकं तिखट तोंड दुसरं नव्हतं. पण तो सफारीवाला आठवला की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते आणि मी तिचीच बाजू घेतो.

एक्याण्णव सालची गोष्ट. सफारी सूट घालून मोटारसायकलवरून आलेला हा भामटा मारुतीच्या ओट्यावर बसला आणि म्हणाला, बँकेकडून आलोय. बँकेत संगणक येतोय, पासबुक आणि कोऱ्या स्लिपवर सही-अंगठा आजच द्या, नाहीतर खाती बंद. लोक पासबुकं आणायला घरी पळाले. झुंबरबाईही पदराखाली घेऊन आली. खातं नवराबायकोचं. नवरा, रुपचंद आबा, लेकीकडे गेलेले. त्यांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी म्हैस विकून आलेले पैसे त्या खात्यात होते, आणि आबांना तर समोरचं ताटही दिसत नव्हतं.

"मालकाचं नाव?" साहेबाने विचारलं.

आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. बँकेतल्या कॅशियरला हे माहीत होतं, ती दिसली की तो स्वतःच नाव पुकारायचा. झुंबरबाई थबकली.

"तू बँकना माणूस शे ना? मंग तूच सांग."

साहेब कागद चाळू लागला. तेवढ्यात तोताराम मध्ये पडला. हा आमच्या गल्लीतला, सगळ्यांच्यात नाक खुपसणारा. बाई अडली की शेजाऱ्याने नाव सांगायचं, हा आमचा रिवाजच.

"रुपचंद, साहेब!"

"हां, रुपचंदच," साहेब म्हणाला.

"त्याले ठाऊक नही, आन तू सांगी दिधं!" झुंबरबाई कडाडली. "याले कोणी काहीच देऊ नका!" आणि पासबुक घेऊन निघून गेली.

भांडकुदळ, अडाणी, काय काय म्हणाले लोक तिला. सगळ्यात मोठ्याने तोताराम. त्याने सर्वांच्या आधी सही केली.

बँकेने कुणालाच पाठवलं नव्हतं. आठ-दहा घरांची खाती रिकामी झाली, तोतारामचंही.

आबांचं ऑपरेशन झालं. ते घरी आले त्याच दिवशी तोताराम दारात येऊन ओरडला, "तुले समजेल व्हतं, मंग आम्हले का नही सांगं?"

"सांगेलच व्हतं," झुंबरबाई म्हणाली. "तू मन्हा मालकनं नाव लेवामा गुतेल व्हता."

खाटेवरून आबा त्याच्याकडे पाहत होते. दारापर्यंतचं त्यांना आता स्पष्ट दिसत होतं.