पातेल्यात पडायच्या आधी

सेलूच्या डॉक्टरीणबाईंनी माझी खालची पापणी ओढून पाहिली आणि मान हलवली. रक्त कमी आहे म्हणाल्या. रोज दोन्ही वेळेला पालेभाजी खा, नाहीतर बाळंतपण इथं जमणार नाही, परभणीच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन रक्ताची बाटली लावावी लागेल. शेजारी बसलेल्या सासूबाईंचा, म्हणजे माझ्या आत्याबाईंचा, चेहराच उतरला. नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते, आज एसटी आली म्हणजे उद्या येईलच असा नेम नव्हता. ऐन वेळी वालूरकडच्या आमच्या खेड्यातून परभणी गाठायची कशी? परतताना बाजारात त्यांनी मेथीच्या जुड्या घेतल्या, त्याही घासाघीस न करता. त्या किती घाबरल्या होत्या ते यावरूनच कळावं.

संध्याकाळी त्यांनी लसणाची फोडणी देऊन मेथी केली. आमच्याकडं गडीमाणसं आधी जेवायची, बाया मागून. मामा म्हणजे माझे सासरे, थोरले दीर आणि आमचे मालक पाटावर बसले. भाजी झकास झाली होती, हीच तर पंचाईत! सगळ्यांनी मागून मागून खाल्ली. आमची पाळी आली तेव्हा पातेल्याच्या बुडाला तेवढं तेल आणि लसणाचे तुकडे. मी भाकरीनं पातेलं पुसलं आणि तिखटावर जेवले. कुणाच्या मनात पाप नव्हतं हो. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी भाजी दुप्पट केली, तर जेवणारेही दुप्पट जेवले. सुनेच्या औषधपाण्यात आपलीच चंगळ झाली, असं मामा हसत म्हणालेसुद्धा. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली, पण नव्या सुनेनं सासऱ्यापुढं तोंड उघडायची रीत नव्हती.

भांडी घासताना मी जाऊबाईंपुढं रडले. त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या, "पातेल्यात पडली की भाजी आपली न्हाई, बाई. पडायच्या आधीच खायची. चल उद्या रानात."

मी परभणी शहरात वाढलेली. भाजी म्हणजे शिजवलेली, एवढंच मला ठाऊक. दुसऱ्या दिवशी हरभऱ्याचे शेंडे खुडायला गेलो. शेंडे खुडले की झाड जास्त फुटतं, म्हणून हे काम बायांकडं असतं. जाऊबाईंनी मूठभर कोवळा पाला घेतला, त्यात कांद्याची पात तोडून टाकली, पदराच्या गाठीतून दाण्याचा कूट आणि तिखट-मीठ काढलं, वरून तेलाची धार सोडली आणि सगळं हातानंच कालवलं. याला घोळाणा म्हणतात. पहिला घास घेतला आणि मी उडालेच! आंबट, तिखट, कचकचीत. असलं काही आपल्या हरभऱ्यात असतं आणि आपण नुसती डाळ खात बसतो?

मग मला वेडच लागलं. घरात एका भाजीसाठी टाचा घासत होते आणि इथं पाय ठेवीन तिथं भाजी. बांधावर पाथरी, जराशी कडवट, भाकरीबरोबर कच्चीच खायची. करडईची कोवळी पानं. उपटून धोतराला, म्हणजे आमच्या बाबतीत लुगड्याला, पुसून खाल्लेला मुळा, त्याच्या पाल्यासकट. जाऊबाई नवं काही दाखवत आणि मी शेळीसारखी पुढं. खुडलेल्यातलं ओटीत कमी आणि पोटात जास्त जायचं. सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी उलट आमच्या शिदोरीच्या पिठात मेथी चिरून घालायला सुरुवात केली. या भाकरी फडक्यात बांधून थेट आमच्या हातात, चुलीपुढं एकही उरायची नाही.

हरभऱ्याला घाटे धरले आणि आम्ही पुन्हा सेलूला गेलो. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, चष्मा वर केला आणि विचारलं, काय खाल्लंत? बाळंतपण इथंच करू म्हणाल्या. मला तिथंच फुगडी घालावीशी वाटली. सासूबाई एसटीत दिसेल त्या बाईला सांगत सुटल्या.

त्या आनंदात संध्याकाळी त्यांनी करडईची भाजी केली. मामांनी दोनदा घेतली आणि तिसऱ्यांदा हात पुढं करताना, खुशीत होते म्हणून असेल, विचारलं की मागं बायांना आहे का. सासूबाई म्हणाल्या, "हाय की, लय हाय." पातेलं माझ्या हातात होतं. त्यात एका माणसापुरती भाजी होती. मला एकदम दिसलं, मी आणि जाऊबाई रानात चरत होतो तेव्हा ही बाई दिवसभर चुलीपुढं होती. आमच्या भाकरीत मेथी गेली आणि हिच्या भाकरीवर तिखटच राहिलं. हिची पापणी कुणीच ओढून पाहिली नव्हती.

"नाही मामा," मी म्हणाले, "एवढीच आहे. आत्याबाईंच्या वाटची."

थोरले दीर जेवायचे थांबले. मालकांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. मामांनी सासूबाईंकडं बघितलं, मग ताटावर हात आडवा धरला आणि "ऱ्हाऊ द्या" म्हणाले.

गडीमाणसं उठल्यावर मी ती भाजी सासूबाईंच्या भाकरीवर वाढली. त्या नको नको म्हणत होत्या, पण बसल्या. पहिला घास चावून जरा थांबल्या आणि मला विचारलं, "माझी भाजी अशी लागती व्हय?"